शेठचं कुत्रं माणसाळवताना

माझं लग्न होऊन मी सुरतेला आले आणि अंगावरची हळद निघायच्या आत घरात आणखी एक नवा जीव आला. त्याचं स्वागत माझ्यापेक्षा जोरात झालं. मी आले तेव्हा सासूबाईंनी माप ओलांडायला लावलं आणि लगेच स्वयंपाकघर दाखवलं. तो आला तेव्हा सासरे स्वतः गाडीतून उतरले, दार धरून उभे राहिले आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सावकाश. पायरी आहे."

गाडी सासऱ्यांच्या शेठची होती. आमच्या भेस्तानच्या रो-हाउसांच्या गल्लीत ती वळेना, म्हणून ड्रायव्हरनं ती तोंडाशीच थांबवली होती. सासऱ्यांच्या सफारीवर मांडीपासून गुडघ्यापर्यंत मोठा ओला डाग होता आणि हातात शेळीच्या करडाएवढं एक पिल्लू होतं. राखाडी रंग, लोंबते कान आणि पंजे इतके मोठे, की दुसऱ्या कुणाचे उसने आणल्यासारखे वाटावेत.

"हाई काय शे?" सासूबाईंनी विचारलं. त्या घरात अहिराणीच बोलत. सासरे मास्टर झाल्यापासून शुद्ध बोलत.

"ग्रेट डेन."

"वासरू शे का?"

"कुत्रं आहे. डेन्मार्कचं असतं. शेठनं विश्वासानं सोपवलंय."

डेन्मार्कचा या जातीशी काही संबंध नाही, ती मूळची जर्मनीकडची, हे मला पुष्कळ पुढे कळलं. तोवर आमच्या अख्ख्या सोसायटीनं डेन्मार्क हा देश या एका कुत्र्यावरून ओळखायला सुरुवात केली होती.

सासरे पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमध्ये, डाइंग मास्टर होते. खानदेशातून आले तेव्हा कापडाचे ताके ओढायचे. तिथून चढत चढत रंग जुळवण्यापर्यंत पोचले. साडीचा तुकडा उजेडात धरून त्यात निळा किती, लाल किती हे ते सांगत आणि बहुतेक वेळा बरोबर सांगत. नखं मात्र कधी पांढरी दिसली नाहीत. शेठ त्यांना सगळ्यांसमोर 'मास्टर' म्हणत, दिवाळीला घारी या सुरती मिठाईचा डबा पाठवत, आणि तेवढ्यावर सासरे वर्षभर चालत.

पिल्लू आमच्याकडे का आलं ते त्या रात्री जेवताना कळलं. मिलच्या गेटपाशी हल्ली कामगार घोळक्यानं उभे राहत होते. रंगाच्या मशीनवर काम करणाऱ्यांना हातमोजे पाहिजे होते. कातडी फाटते, जेवताना तिखट लागलं की आग होते, असं त्यांचं म्हणणं. शेठनं त्यावर विचार केला आणि एक कुत्रं घेतलं.

"मोठं झालं की गेटवर बांधायचं," सासरे म्हणाले. "असं जनावर असलं की कोणी तिथं रेंगाळत नाही."

माझा नवरा रिंगरोडच्या साडी मार्केटात सेल्समन होता. कमी बोलायचा, पण त्या दिवशी बोलला. "मग हातमोजेच आणायचे ना."

"तुला धंद्यातलं कळत नाही," सासरे म्हणाले आणि भाकरी मोडली.

शेठ कुत्रं बंगल्यावर ठेवू शकत नव्हते, कारण त्यांच्या आईनं फाटकातूनच परत पाठवलं होतं. त्यांच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा शिरत नसे. म्हणून सहा-आठ महिने मास्टरांनी सांभाळायचं, शिस्त लावायची आणि तयार करून मिलवर द्यायचं, असं ठरलं. शेठच्या अटी दोन. कुत्र्याला इंग्रजी कळलं पाहिजे, आणि ते शाकाहारी राहिलं पाहिजे. कामगारांना घाबरवणारं, पण दूध-पोळीवर वाढलेलं आणि इंग्रजी जाणणारं, असं जनावर शेठना हवं होतं. सासऱ्यांना यात काहीच वावगं वाटलं नाही. सासूबाई मात्र दुपारी दार लोटून त्याला अंडी चारत आणि टरफलं कागदात गुंडाळून माझ्या हाती देत. सासरी माझ्यावर टाकलेला पहिला विश्वास तोच.

नावाचंही तसंच. नाव शेठ ठेवणार होते. 'हूं विचारीने कहीश' असं त्यांनी सांगितलं आणि ते विसरून गेले. सासऱ्यांची स्वतः नाव ठेवायची हिंमत होईना. सासूबाई त्याला 'मुडद्या' म्हणत, ते त्यानं विनातक्रार स्वीकारलं.

शिस्तीचे वर्ग रविवारी सकाळी ओट्यावर भरत. सासरे सफारी घालून, हात मागे बांधून उभे राहत. मशीनच्या आवाजावर ओरडायची सवय असल्यानं त्यांचा साधा शब्दही दोन गल्ल्यांपलीकडे जायचा. "सिट," ते म्हणायचे. पिल्लू जांभई द्यायचं. "सिट," ते पुन्हा म्हणायचे. समोरच्या ओट्यावरची दोन पोरं घाबरून खाली बसायची. पिल्लू मग सासऱ्यांच्या बुटाची नाडी सोडवायला घ्यायचं. तो धडा त्यानं एकदाच बघून आत्मसात केला होता.

घरात त्यानं काय काय खाल्लं हे सांगत बसत नाही. चपला तर गेल्याच, शिवाय सोफ्याचा एक हात, माझ्या रुखवतातली भरतकामाची उशी आणि शेठनं पाठवलेल्या घारीचा अख्खा डबा, झाकणाच्या पुठ्ठ्यासकट. माझ्या हातून एक कपबशी फुटली होती तेव्हा सासऱ्यांनी "जरा बघून" असं म्हटलं होतं. घारी गेली तेव्हा म्हणाले, "दात येताहेत त्याला." मी बघत राहिले. माझे दात फार आधी येऊन गेले होते.

शेवटी सासऱ्यांनी एक शिकवणारा आणला. पोलिसांतून निवृत्त झालेला, कडक मिशांचा, स्कूटरवरून यायचा आणि हिंदीत बोलायचा. पोलिसांच्या कुत्र्यांबरोबर बावीस वर्षं काढली असं सांगायचा. ते खरंच होतं, फक्त ती बावीस वर्षं त्यानं कुत्र्यांचं जेवण शिजवण्यात काढली होती, हे नंतर बाहेर आलं. त्यामुळे त्याची सगळी विद्या पोटाभोवती फिरायची. तो बेकरीतून खारी आणायचा, पिल्लाच्या नाकासमोरून वर न्यायचा, पिल्लू वर बघता बघता आपोआप मागे बसायचं, की तो ओरडायचा, "देखा? सिट." असं बरेच दिवस चाललं. परिणाम इतकाच झाला, की खारी दिसली की कुत्रं बसायचं. कुणी 'सिट' म्हणो, 'उठ' म्हणो की देवाचं नाव घेवो. सायकलवर खारी-बिस्किटांचा पत्र्याचा डबा लावून एकजण गल्लीत यायचा. तो दिसला की हे जनावर रस्त्याच्या मधोमध मांडी घातल्यासारखं बसे आणि मागची रिक्षा हॉर्न वाजवत राही.

पण या माणसानं एक गोष्ट खरी सांगितली. पिल्लू भित्रं आहे, हे त्यानं ओळखलं. कुकरची शिट्टी झाली की ते मोरीत जाऊन उभं राहायचं. वाळत घातलेली चादर हलली तरी मागे सरायचं. "इसको दुनिया दिखाओ, साब," तो म्हणाला. "आदमी, बच्चे, गाड़ी, ढोल, सब. अभी नहीं दिखाया तो बड़ा होके डर के मारे काटेगा."

सासऱ्यांना हे पटलं. आता जग दाखवायचं कुणी, हा प्रश्न आला. सासऱ्यांची ड्यूटी, नवऱ्याचं मार्केट, सासूबाईंचे गुडघे. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सून घरीच असते," सासरे म्हणाले.

"मला इथले रस्ते माहीत नाहीत," मी म्हटलं.

"त्याले तरी कोठे माहीत शेत," सासूबाई म्हणाल्या.

लग्न होऊन तीन-चार महिने झाले होते आणि मी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापलीकडे सुरत बघितली नव्हती. बाहेर जायचं तर कुणीतरी सोबत लागायचं. आता सोबत मिळाली होती. डोक्यावर पदर, एका हातात साखळी आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला डेन्मार्क, अशी मी पहिल्या दिवशी निघाले. गल्लीच्या तोंडाशी एक शेळी उभी होती. कुत्र्यानं तिला बघितलं, शेळीनं कुत्र्याला बघितलं, आणि कुत्रं येऊन माझ्या पायावर बसलं. मला वाटलं शेळी मारकी असेल, म्हणून मीही थांबले. आम्ही दोघं तशीच उभी, तोवर शेळीच कंटाळून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला ओढत नेलं. शेजारची गुजराती बाई ओट्यावर तूर निवडत होती. ती म्हणाली, "बेन, तमे एने फेरवो छो के ए तमने?" मला अर्थ कळला, उत्तर देता आलं नाही. ती हसली, मी पदर सावरायला गेले आणि साखळी सुटली. त्या दिवशी अर्धा भेस्तान मी पळत बघितला.

माझं गुजराती पहिल्यांदा सुरू झालं ते 'करडतो नथी' या वाक्यानं. चावत नाही. हे मी रोज इतक्यांदा म्हणायचे, की नंतर त्याच्या मागेपुढे आणखी शब्द चिकटत गेले. 'नानो छे', 'बीक लागे छे एने', 'आघा रहो जरा'. लहान आहे, घाबरतो, लांब राहा. मग भाव विचारता यायला लागले, मग भांडता. प्लेग येऊन गेल्याला फार दिवस झाले नव्हते, शहर नव्यानं धुऊन काढल्यासारखं होतं आणि लोक कुठल्याही जनावराकडे संशयानं बघत. सोसायटीच्या चेअरमननं तक्रार केली, की या कुत्र्यामुळे रोग येईल. मी त्याला गुजरातीतून सांगितलं, की रोग उंदरांमुळे आला होता आणि तुमच्या मीटर रूममध्ये दोन बिळं आहेत. घरी हे कळलं तेव्हा सासरे म्हणाले, "चेअरमनशी बोललीस?" सासूबाई म्हणाल्या, "बिळं शेतस का खरंच?"

आमचा रोजचा रस्ता पांडेसऱ्याच्या बाजूला जाणाऱ्या चाळींतून होता. संध्याकाळी पाळी सुटायची आणि प्रोसेस हाउसमधली माणसं थव्यानं परत यायची. आमच्या खानदेशातली बरीच, बाकी ओडिशाची, उत्तरेकडची. कुणाचे हात निळे, कुणाचे मनगटापर्यंत राणी रंगाचे. पहिल्या दिवशी कुत्रं माझ्यामागे लपलं. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याला कळलं की डब्यात उरलेली पोळी असते. महिनाभरात ते पाळी सुटायची वाट बघायला लागलं. माणसं त्याच्याशी बोलायची, कान ओढायची, आणि त्यांच्या हातांना घामाचं मीठ असायचं ते हे चाटत बसायचं.

"वहिनी, मास्तरना घरना का तुम्ही?" एकानं विचारलं. माझं बोलणं ऐकून त्यानं गाव ओळखलं होतं. त्याची बहीण माझ्या माहेरच्या शेजारच्या गावात दिली होती. मी हो म्हटलं तसा तो जरा मागे झाला. मास्टरच्या घरची माणसं त्यांच्याशी बोलत नसत. कुत्रं मात्र त्याच्या छातीवर पाय ठेवून उभं होतं, त्यामुळे त्याला फार मागे होता आलं नाही.

वाटेत एक उघडी गटार लागायची, तिच्यात मिलचं पाणी यायचं. कुत्रं तिच्यातून गेल्याशिवाय राहायचं नाही. घरी येताना त्याचे चारही पाय रंगलेले असत, आज हिरवे, उद्या वांगी. सासरे ओट्यावर बसून त्या पायांकडे बघत आणि सांगत, "बाजूच्या मिलमध्ये बॉटल ग्रीन चाललाय. काळा जास्त पडलाय त्यांचा." त्यांना अभिमान वाटायचा. मग एकदा कुत्र्याच्या बोटांमधली कातडी सोलली आणि ते लंगडायला लागलं. सासरे अर्धी रजा टाकून त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरनं मलम दिलं आणि सांगितलं, त्याला त्या पाण्यात जाऊ देऊ नका, केमिकल आहे. सासऱ्यांनी जेवताना हे आम्हाला फार गंभीरपणे सांगितलं. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी ताटाकडे बघितलं. सासऱ्यांनी वाढून घेतलं. त्या दिवसापासून कुत्र्याला गटारीवरून उचलून न्यायचा हुकूम सुटला. तोवर ते माझ्या कमरेला लागत होतं.

त्याच रस्त्यावर मराठी माध्यमाची एक शाळा होती. सुट्टी झाली की पोरं फाटकाशी गर्दी करायची आणि हे महाशय गजांमधून नाक आत घालून सगळ्यांकडून लाड करून घ्यायचे. एक दिवस मुख्याध्यापिका बाहेर आल्या. मला वाटलं हाकलतील.

"रोज येता," त्या म्हणाल्या. "शिकलेल्या आहात का?"

"डी.एड. झालंय," मी म्हटलं. हे वाक्य मी सासरी आल्यापासून कुणासमोर उच्चारलं नव्हतं. लग्न ठरताना 'पुढचं पुढे बघू' म्हणाले होते, आणि पुढचं अजून आलं नव्हतं.

त्यांनी कुत्र्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग कुत्रं कसलं शिकवताय, बाई? माझ्याकडे तिसरीचा वर्ग रिकामा आहे. शिक्षिका बाळंतपणाला गेलीय."

मी घरी हे सांगितलं. नवरा म्हणाला, जा. सासऱ्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "मग कुत्र्याला कोण फिरवणार?"

मला वाटलं ते थट्टा करताहेत. ते थट्टा करत नव्हते. "एवढ्यावर आणून सोडायचं का?" ते म्हणाले. "एकदा ते मिलवर पोचू दे, मग तुझं बघू." मी त्या दिवशी भांडी जरा आपटून घासली. मुख्याध्यापिकांना जाऊन सांगितलं, थोडं थांबा. त्या म्हणाल्या, "पोरं थांबलीच आहेत."

शेठचा निरोप थंडी संपताना आला. कुत्रं आता वाढलं होतं. बसलं तरी त्याचं डोकं डायनिंग टेबलाच्या वर यायचं. दिसायला खरंच भीती वाटावी असं झालं होतं. सासऱ्यांनी त्याला अंघोळ घातली, नवा पट्टा आणला आणि सफारीला इस्त्री केली. गाडी आली. कुत्रं गाडीत चढेना. सासरे म्हणाले, "कम." ड्रायव्हर म्हणाला, "आव, बेटा." ते माझ्या मागे येऊन उभं राहिलं. शेवटी मला आधी बसावं लागलं, मग ते चढलं आणि अर्धं माझ्या मांडीवर पसरलं. अशा रीतीनं मी आयुष्यात पहिल्यांदा शेठच्या गाडीत बसले.

मिलच्या गेटपाशी तयारी झाली होती. वॉचमनच्या खोलीशेजारी लोखंडी कडी ठोकली होती, बाजूला पाण्याची बादली. शेठ स्वतः आले होते, पांढऱ्या कपड्यांत, बरोबर मुंबईचे दोन व्यापारी. बहुधा त्यांना दाखवायचं होतं. त्यांनी कुत्र्याकडे लांबून बघितलं आणि खूष झाले.

"वाह, मास्टर. सरस."

सासरे ताठ झाले. कुत्र्याला कडीला बांधलं. तेवढ्यात पाळी बदलायचा भोंगा झाला.

एवढा मोठा भोंगा त्यानं जवळून कधी ऐकला नव्हता. ते एका उडीत वॉचमनच्या स्टुलामागे गेलं आणि डोकं स्टुलाखाली घालून बसलं. बाकीचं कुत्रं बाहेरच राहिलं. व्यापाऱ्यांतला एक हसला. सासरे म्हणाले, "नवीन जागा आहे, साहेब." मग गेट उघडलं आणि माणसं बाहेर यायला लागली.

पुढचं सगळं फार साधेपणानं घडलं. त्यानं नाक वर केलं. वास ओळखीचा होता. ते उठलं, साखळी ताणून पुढे गेलं आणि पहिला जो माणूस गेटातून आला त्याच्या खांद्यांवर दोन्ही पंजे ठेवून त्याचं तोंड चाटायला लागलं. तो चाळींच्या रस्त्यावर भेटलेला, माझ्या माहेरच्या बाजूचा माणूस होता. "अरे, तू आठे, गेटवर?" तो म्हणाला. मग दुसरा थांबला, तिसरा थांबला. कुणी डबा उघडला. कुणी मला बघून "वहिनी, आते हाऊ आठेच राहीन का?" असं विचारलं. आतून येणारे थांबत होते, बाहेरून पाळीवर जाणारेही थांबत होते. त्या गेटपाशी तेवढी गर्दी कधीच झाली नसेल. कुत्र्याची शेपटी पत्र्याच्या दारावर आपटत होती, त्याचा ढोलासारखा आवाज येत होता.

"मास्टर, आ शुं?" शेठनं विचारलं.

सासरे पुढे झाले. सगळी मिल बघत होती. त्यांनी रविवारच्या आवाजात म्हटलं, "सिट."

आणि कुत्रं बसलं. मला क्षणभर बरं वाटलं त्यांच्यासाठी. मग दिसलं, की ते शेठकडे पाठ करून बसलं होतं. समोरच्या चहाच्या टपरीवर एकजण खारी चहात बुडवत होता.

लोक हसले. फार मोठ्यानं नाही, मास्टरसमोर हसायची सवय नव्हती. त्या हसण्यातच तो माझ्या गावाकडचा माणूस कुत्र्याच्या कानामागे खाजवत, अगदी हवापाण्याचं विचारावं तसं म्हणाला, "शेठ, वो हाथमोजे का क्या हुआ?"

शेठनं त्याच्या हाताकडे बघितलं. हात बघण्यासारखे होते. बोटांची पेरं चिरलेली, वर वांगी रंग. शेठनं मान वळवली. व्यापाऱ्यांना म्हणाले, चालो, आत बसूया. जाता जाता सासऱ्यांपाशी थांबले. "मास्टर, मारे कूतरो जोईतो हतो. तमे तो गाय बनावी दीधी. लई जाव."

येताना गाडी होती, जाताना ताक्यांचा टेम्पो मिळाला. सासरे पुढे ड्रायव्हरजवळ बसले, मी आणि कुत्रं मागे कापडाच्या ताक्यांवर. ते सगळ्या रस्त्याला खूष होतं. गल्लीत उतरलो तेव्हा शेजारी ओट्यांवर होतेच. चेअरमननं विचारलं, "केम मास्टर, पाछो?"

सासरे म्हणाले, "शेठ एवढे खूष झाले, की म्हणाले, तुम्हालाच भेट." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. सफारीच्या पाठीवर घामाचा पट्टा उमटला होता. मी म्हटलं, "हो. फार खूष झाले."

आत गेल्यावर सासूबाईंनी आधी कुत्र्याला भाकरी कुस्करून दिली, मग सासऱ्यांना पाणी दिलं. रात्री जेवताना म्हणाल्या, "पोरगी सोमवारथीन शाळामा जाई."

"आणि कुत्रं?" सासऱ्यांनी विचारलं.

"कुत्रं तुमनं शे. शेठनी भेट दिधी ना? तुम्ही फिरावा."

मी सोमवारी शाळेत गेले. बाळंतपणाला गेलेली शिक्षिका परत आली नाही आणि मी तिथं राहिले, ते पुढे बरीच वर्षं.

सासऱ्यांनी पहिले काही दिवस चाळींचा रस्ता टाळला. मास्टरनं हाताखालच्या माणसांच्या दारात जाणं त्यांना बरं दिसेना. त्यांनी रेल्वे लाइनच्या बाजूचा मोकळा रस्ता धरला. पण कुत्र्याचं वजन सासऱ्यांच्या जवळपास गेलं होतं आणि त्याचं मत ठाम होतं. आठवड्याभरात ते चाळींतून जायला लागले. जी माणसं मिलमध्ये त्यांच्याशी 'जी मास्टर'पलीकडे बोलत नसत, ती कुत्र्याचे कान धरून त्यांच्याशी बोलायला लागली. एकदा ते घरी येऊन सासूबाईंना म्हणाले, "त्या तिसऱ्या चाळीतल्याच्या हाताला किती भेगा पडल्यात. भाकरीचा तुकडा मोडता येत नाही त्याला." जणू काही परदेशात जाऊन आले होते. त्या माणसाबरोबर ते अकरा वर्षं एका छपराखाली काम करत होते.

त्यांनी शेठकडे विषय काढला, एकदाच. शेठ म्हणाले, "मास्टर, तमे शेड जुओ." ते पुन्हा रंगांच्या शेड बघायला लागले. हातमोजे आले, पण दुसऱ्या वर्षी. बाहेरदेशचा कुणी मोठा खरेदीदार मिल बघायला येणार होता, त्या सकाळी ते सगळ्यांना वाटले आणि संध्याकाळी तो गेल्यावर मोजून परत घेतले. हे सासऱ्यांनीच सांगितलं. सांगताना शुद्ध मराठी सुटून ते अहिराणीत गेले होते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

एवढी मोठी कुत्री फार जगत नाहीत. आमचं आठव्या वर्षी पायांनी गेलं, मग एका दुपारी ओट्यावरच गेलं. चलथाणला सासऱ्यांच्या एका मावसभावाचं उसाचं शेत होतं, त्याच्या बांधावर पुरायचं ठरलं. सासऱ्यांनी टेम्पो सांगितला. आम्ही तिघं-चौघंच जाऊ असं वाटलं होतं, पण चाळींमधून माणसं येत गेली आणि टेम्पोत चढत गेली. शेवटी दुसरा टेम्पो सांगावा लागला. ज्यांचे पाय उसात कधी पडले नव्हते असे ओडिशाचे दोघं कुदळ घेऊन आले होते. माती कडक होती, त्यांना पुष्कळ वेळ लागला.

मावसभाऊ बांधावर उभा राहून हे बघत होता. त्यानं सासऱ्यांना विचारलं, "एका कुत्रासाठे एवढा लोक?"

"आज सुट्टी आहे सगळ्यांना," सासरे म्हणाले.

सुट्टी नव्हती. मिल चालू होती आणि ती सगळी माणसं खाडा करून आली होती, सासऱ्यांसकट. परतताना कारखान्याच्या रस्त्यावर सगळ्यांनी उसाचा रस घेतला. सासरे एक घोट घेऊन म्हणाले की आलं फार टाकलंय, आणि तरीही दुसरा ग्लास मागितला.